जकातीच्या रांजणापाशी स्वागत



शिवजन्मभूमी जुन्नरमध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. परिषदेचा विषय आहे ‘विकासाचा सल्लागार आणि वर्गातला शिक्षक’. मी कांद्याचा आडत्या, मला यातले काय कळणार? पण हिशेब मात्र या मातीला नवा नाही.

नाणेघाट पाहिल्याशिवाय कुणी परतायचे नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा गाई-हत्तींसकट आकड्यांत कोरली आहे. ताळेबंद भिंतीवर लावणारी बाई ती!

पण माझा खरा जीव आमच्या धान्यवाल्यांवर. जुन्नरच्या एका लेण्यावरचा लेख सांगतो: सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान. एकाही शेटजीचे नाव नाही. हल्ली देवळाला पंखा दिला तरी पात्यांवर नाव येते, आणि ते फिरते म्हणून वाचता येत नाही, हे देवाचे उपकार. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे, यांच्याही श्रेणी इथल्या लेखांत आहेत. म्हणजे सहकार आमच्याकडे कायद्याच्या फार आधी आला.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, तेव्हा विषयाकडे येतो. अर्थतज्ज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ जुन्नरचे नव्हेत, ही माझी खंत. सुरतेला प्राचार्य, 1930 पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. पण मला मोठे वाटते ते एवढेच, की विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद या प्राध्यापकाने स्वतः घेतले. सल्ला दिला आणि त्याच्या नफ्या-तोट्याला नावानिशी बांधून घेतले. आमचे विघ्नहर आणि भीमाशंकर कारखाने त्याच वाटेवरचे. नुसता अहवाल देऊन जाणारे सल्लागार आम्हीही पाहिलेत. त्यांच्या अहवालांना कार्यालयांत कपाटे लागतात.

आता क्षमा. मांडव कालच्या पावसाने गळतो आहे. गळतीखाली बसलेल्यांनी पुढे सरकावे. काहींच्या खोलीत गरम पाणी सकाळी सातनंतरच येईल. माईक मधूनच शिट्टी घालतो, तेव्हा वक्त्यांनी जरा मागे उभे राहावे. आमच्या भाजीत तिखट जास्त आहे. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी ताक ठेवले आहे.

टोमॅटो ओतूर-नारायणगावच्या शेतकऱ्यांनी दिले, तांदूळ आंबेगावच्या आदिवासी भागातून आला, खुर्च्या शाळेच्या, सतरंज्या देवस्थानच्या. धान्यवाल्यांनी जेवणाचा खर्च उचलला आणि नाव जाहीर करू नका म्हणाले. मी ते आनंदाने पाळतो.

रात्री उसाच्या कडेने एकट्याने फिरू नका, बिबटे आहेत. नाणेघाटाची गाडी उद्या पहाटे साडेपाचला सुटेल. बॅटरी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.