कायद्याचे वतन
(कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



जमीनदारी गेली, वतने खालसा झाली, संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. परंतु एका वतनाची मोजदाद अद्याप कोणी केलेली नाही. ते वतन कायद्याच्या ज्ञानाचे आहे. बाप वकील, मुलगा वकील, नातू वकील; भिंतभर निवाड्यांचे खंड, ठरलेले अशील, न्यायालयातील पिढीजात ओळखी. ही मिळकत सातबाराच्या उताऱ्यावर दिसत नाही आणि कमाल मर्यादेचा कायदा तिला लागू होत नाही. समाजवादी कार्यकर्त्याने या वतनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा येथे प्रश्न आहे. त्यासाठी उदाहरण घ्यायचे तर ते चांगल्यातल्या चांगल्या घराण्याचे घ्यावे. वाईटाचे उदाहरण घेऊन निष्कर्ष काढणे फार सोपे असते.

मुंबईचे सेटलवाड घराणे हे असे उदाहरण आहे. चिमणलाल सेटलवाड यांचे आजोबा कंपनी सरकारच्या न्यायखात्यात होते. चिमणलालांनी मुंबई उच्च न्यायालयात नाव मिळवले. राजकारणात ते नेमस्त. असहकाराला त्यांचा विरोध होता. तरीही जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचे सदस्य या नात्याने १९१९ च्या नोव्हेंबरात जनरल डायरला नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. वाट पुरेशी रुंद असती आणि चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या काय? बहुधा होय, असे डायरने उत्तर दिले. साम्राज्यशाहीचे खरे रूप त्या एका प्रश्नाने सरकारी कागदावर उमटले.

१९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे अध्यक्षपद चिमणलालांनी स्वीकारले होते, हेही त्यांच्या श्रेयाचे आहे. मात्र याच ठिकाणी वतनाची दुसरी बाजू दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर त्या काळी दुहेरी पद्धत होती. अशिलाला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. मध्ये सॉलिसिटरची पेढी असे आणि ब्रीफ कोणाला द्यायचे हे ती ठरवी. पुष्कळशा पेढ्याही बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या आंबेडकरांना १९२३ नंतर या दारातून काम मिळेना, कारण ते अस्पृश्य होते. बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांना संसाराला हातभार लावावा लागला. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत येणारे गोरगरीब हेच त्यांचे अशील. एकाच सभेचे हे दोन धुरीण, एकाच न्यायालयातील दोन कायदेपंडित. एकाच्या मुलाला वाट तयार मिळाली. दुसऱ्याला ती खडक फोडून काढावी लागली.

तो मुलगा, मोतीलाल सेटलवाड, अपात्र मुळीच नव्हता. १९५० ते १९६३ अशी तेरा वर्षे ते देशाचे पहिले महान्यायवादी होते. १९५८ साली मुंदडा प्रकरणी छागला आयोगापुढे, स्वतः सरकारचे विधिज्ञ असूनही, त्यांनी अर्थमंत्र्यांची पाठराखण केली नाही. परंतु १९५० साली कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी खटल्यावाचून झालेल्या आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा सरकारच्या बाजूने उभे राहिले तेही मोतीलालच. स्थानबद्धतेच्या कायद्याचा मुख्य भाग न्यायालयाने कायम ठेवला. गोपालन यांचे वकील होते एम. के. नंबियार. नंबियार यांचे पुत्र के. के. वेणुगोपाल हे २०१७ ते २०२२ या काळात महान्यायवादी झाले. त्या खटल्यातील वादी तुरुंगात राहिला. वकिलांची घराणी दोन्ही बाजूंनी वाढली.

इतिहासाचा फेरा पुढे याच घरावर आला. मोतीलालांचे पुत्र अतुल यांनी मुंबईत वकिलीच केली. अतुल यांची कन्या तीस्ता यांनी पत्रकारिता पत्करली आणि २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर पीडितांचे खटले उभे करण्याचे काम हाती घेतले. त्याच खटल्यांत खोटे पुरावे रचल्याच्या आरोपावरून त्यांना जून २०२२ मध्ये अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये त्यांना नियमित जामीन दिला. महान्यायवाद्याच्या नातीलाही कोठडी चुकली नाही. मग ज्याच्या घराण्यात कोणी कोर्टाची पायरी चढलेले नाही, त्या ऊसतोडणी कामगाराने कोणाच्या भरवशावर राहावे?

या प्रश्नाचे उत्तर मोतीलालांच्याच अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली दिले होते. गरिबाला कायदेशीर मदत देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे त्या आयोगाने सांगितले. संविधानात अनुच्छेद ३९-अ आला तो १९७६ साली, म्हणजे हजारो राजबंदी तुरुंगात असताना. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला १९८७ मध्ये आणि तो अमलात आला १९९५ च्या नोव्हेंबरात. शिफारशीपासून अंमलबजावणीपर्यंत सदतीस वर्षे गेली.

आज त्या कायद्याच्या बाराव्या कलमान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ही भीक नव्हे. तालुका विधी सेवा समितीचे दार कार्यकर्त्याने वारंवार ठोठावले पाहिजे आणि मिळालेला वकील काम करतो की तारखा घेतो, यावर डोळा ठेवला पाहिजे.

आणखी एक धडा या घराण्यांकडून निःसंकोच घ्यावा. त्यांचे बळ केवळ नावात नव्हते, दप्तरात होते. बापाने केलेली टिपणे मुलाच्या हाती राहिली. चळवळीत मात्र खटला संपला की कागद गहाळ होतात आणि जुना कार्यकर्ता गेला की त्याचा अनुभवही त्याच्याबरोबर जातो. प्रत्येक युनियनच्या कचेरीत निवाडे, करारनामे, पंचनामे आणि अर्जांच्या प्रती जपून ठेवल्या जाव्यात, आणि नव्या कार्यकर्त्याने त्या वाचूनच कामाला आरंभ करावा. कायद्याच्या वतनाला कोणी खालसा करणार नाही. ते ज्ञान सर्वांचे करण्यासाठी श्रमिकांनी स्वतःचे दप्तर उभारणे, हा त्यावरचा उपाय आहे.