दप्तरी दाखल



सरकारी कचेरीत एक शेरा असतो, दोनच शब्दांचा. 'दप्तरी दाखल'. कागद आला, वरिष्ठांनी पाहिला, त्यावर काही करायचं नाही असं ठरलं, की समासात हे दोन शब्द लिहायचे, खाली सही घ्यायची आणि कागद फायलीला लावून टाकायचा. बीए झाल्यावर मी कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच हा शेरा शिकलो. कविता करतो म्हणून कचेरीत सगळे मला 'कविराज' म्हणत. पण माझ्या हातून आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कुठले शब्द लिहिले गेले असतील, तर ते हेच.

आज ज्या माणसाविषयी बोलणार आहे, त्याचं निम्मं आयुष्य या शेऱ्याशी भांडण्यात गेलं. माणूस अमेरिकेचा. नाव विल्यम मिचेल, पण सगळे त्याला बिली मिचेल म्हणत. दुसऱ्या महायुद्धावरचं एक पुस्तक वाचताना मला 'बी-२५ मिचेल' हे बॉम्बफेकी विमानाचं नाव दिसलं. विमानाला माणसाचं नाव कशाला, एवढ्याच कुतूहलाने शोधू लागलो आणि त्या माणसात गुंतत गेलो.

मिचेलचा जन्म १८७९चा. वडील विस्कॉन्सिन राज्यातून निवडून आलेले सिनेटर. घरी पैसा, प्रतिष्ठा, सगळं काही. १८९८ साली स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि हा अठरा वर्षांचा मुलगा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे अलास्काच्या बर्फात त्याने तारायंत्राच्या तारा टाकल्या. छत्तिशी गाठल्यावर, १९१६ साली, तो स्वतःच्या खिशातले पैसे भरून विमान चालवायला शिकला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९१८मध्ये, फ्रान्समधल्या सॅं मियेलच्या लढाईत दोस्तांची सुमारे दीड हजार विमानं त्याच्या हुकमाखाली उडत होती. एवढी विमानं एका मोहिमेसाठी तोवर कोणी एकत्र आणली नव्हती.

युद्ध संपलं. मिचेल ब्रिगेडियर जनरल होऊन मायदेशी परतला आणि त्याने एकच धोशा लावला. यापुढे देशाचं रक्षण आकाशातून होईल. हवाई दल हे भूदलाचं शेपूट नव्हे, त्याला स्वतंत्र अस्तित्व द्या. एका युद्धनौकेच्या खर्चात हजार विमानं होतात, असा त्याचा हिशेब होता. नौदलाचे अधिकारी अर्थातच खवळले. लढाऊ जहाज विमानाने बुडतं, ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटत होती.

शेवटी १९२१ साली परीक्षा घ्यायचं ठरलं. जर्मनीकडून मिळालेली 'ऑस्टफ्रीसलँड' ही बावीस हजार टनांहून मोठी युद्धनौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात उभी करण्यात आली. ही साधीसुधी नौका नव्हती. १९१६च्या जटलंडच्या लढाईनंतर सुरुंगाचा तडाखा खाऊनही ती बंदरात परतली होती. २१ जुलैला मिचेलच्या वैमानिकांनी तिच्यावर आणि तिच्या आसपास दोन-दोन हजार पौंडांचे बॉम्ब टाकले. सारा खेळ अर्ध्या तासाच्या आत आटोपला. नौका कलंडली आणि बुडाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर मिचेलच्या बाजूने खोटं बोलल्यासारखं होईल. ती नौका नांगरून ठेवलेली होती. तिच्यावर माणसं नव्हती, उलट गोळी झाडणारं कोणी नव्हतं. दर काही बॉम्बनंतर थांबून नुकसान तपासायचं, असं नौदलाला हवं होतं. मिचेलच्या लोकांनी ते मनावर घेतलं नाही. तेव्हा ही परीक्षा न्याय्य नव्हती, असं म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. मिचेल खरं बोलायचा, पण ते ठासून सांगण्याच्या भरात पुष्कळदा नियम बाजूला सारायचा.

१९२३च्या अखेरीस तो पॅसिफिक आणि आशियाच्या लांबलचक दौऱ्यावर निघाला. त्यात तो हिंदुस्थानातही आला. इथल्या वाघाच्या शिकारीवरचा त्याचा लेख पुढे 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापून आला. पण दौऱ्याचं खरं फळ होतं तीनशेहून अधिक पानांचा अहवाल. १९२४ साली सादर केलेल्या या अहवालात त्याने लिहिलं, की जपानशी युद्ध होईल आणि त्याची सुरुवात हवाई बेटांतल्या पर्ल हार्बरवर विमानांच्या अवचित हल्ल्याने होईल. वेळसुद्धा दिली होती : सकाळचे साडेसात.

या अहवालाचं काय झालं असेल, हे माझ्यासारख्या कारकुनाला सांगावं लागत नाही. दप्तरी दाखल.

१९२५च्या सुरुवातीला मिचेलची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. ब्रिगेडियर जनरलचा कर्नल झाला आणि त्याला टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला धाडण्यात आलं. दूरची बदली हा उपाय सगळ्या देशांतल्या कचेऱ्यांना ठाऊक असतो.

त्याच वर्षी ३ सप्टेंबरला नौदलाचं 'शेनँडोआ' हे महाकाय हवाई जहाज ओहायो राज्यावर वादळात सापडून मोडलं. चौदा माणसं गेली. त्यात जहाजाचा कप्तान लान्सडाउनही होता. लोकांना जहाज दाखवत फिरण्याचा तो दौरा होता. त्या मुलुखातल्या वादळांची कल्पना असलेल्या लान्सडाउनने आधीच आक्षेप घेतला होता. म्हणजे तोही एक कागद होताच.

दोन दिवसांनी मिचेलने वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून निवेदन वाचून दाखवलं. युद्धखातं आणि नौदलखातं यांचा कारभार अकार्यक्षम आहे, गुन्हेगारी हलगर्जीपणाचा आहे, जवळजवळ देशद्रोहाचा आहे, असा त्याचा आशय होता. गणवेशातल्या माणसाने असं बोलल्यावर व्हायचं तेच झालं. ऑक्टोबरअखेर वॉशिंग्टनमध्ये कोर्ट मार्शल सुरू झालं आणि सात आठवडे चाललं. न्यायासनावर बसलेल्यांत एकही वैमानिक नव्हता. डग्लस मॅकआर्थर मात्र होता, मिचेलच्याच मिलवॉकी शहराशी नातं असलेला, जुन्या ओळखीचा. लान्सडाउनची विधवा पत्नी साक्षीला आली. तरुण अधिकारी हेन्री अर्नोल्ड आणि कार्ल स्पाट्झ यांनी नोकरी पणाला लावून मिचेलच्या बाजूने साक्ष दिली. पण तो बोलला ते खरं की खोटं, हा मुद्दा न्यायालयाने गौण ठरवला. तो बोलला, एवढंच पुरे होतं. १७ डिसेंबर १९२५ला तो दोषी ठरला. शिक्षा झाली पाच वर्षं निलंबन, बिनपगारी. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी अर्धा पगार देऊ केला. मिचेलने १ फेब्रुवारी १९२६ला राजीनामा दिला. पुढची दहा वर्षं तो लिहीत आणि बोलत राहिला. १९ फेब्रुवारी १९३६ला न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा तो छप्पन वर्षांचा होता.

७ डिसेंबर १९४१ला सकाळी आठच्या सुमारास जपानी विमानं पर्ल हार्बरवर आली. दोन हजार चारशेहून अधिक अमेरिकन मेले. तीनच दिवसांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिशांच्या दोन मोठ्या नौका, ऐन लढाईत, तोफा झाडत असताना, जपानी विमानांनी बुडवल्या. विमानाने जहाज बुडतं का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

पण श्रोतेहो, मिचेलला द्रष्टा ठरवून मोकळं होणं मला जमत नाही. एक तर त्याचंही चुकलं होतं. विमानवाहू नौकांवर त्याचा विश्वास नव्हता. पर्ल हार्बरवर मात्र जपान्यांनी सहा विमानवाहू नौका आणल्या होत्या. आणि गंमत बघा, एप्रिल १९४२मध्ये टोकियोवर बॉम्ब टाकायला निघालेली सोळा 'मिचेल' विमानं उडाली ती 'हॉर्नेट' या विमानवाहू नौकेवरूनच.

दुसरं कारण जास्त खोलवर टोचणारं आहे. शत्रूचे कारखाने, शहरं, दळणवळण ही मर्मस्थानं आकाशातून उद्ध्वस्त केली, की युद्ध लवकर संपेल आणि एकूण माणसं कमीच मरतील, असं मिचेल मानायचा. इटलीचा डुहे, इंग्लंडचा ट्रेंचर्ड हेही त्याच वाटेचे. मिचेल गाजला त्या १९२५ सालातच मार्च ते मे असे चोपन्न दिवस ब्रिटिश विमानं वझिरीस्तानातल्या मेहसूद टोळ्यांच्या गावांवर बॉम्ब टाकत होती. त्या गावांतून आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाला हवाई शक्तीचा सिद्धांत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि ज्या अर्नोल्डने मिचेलसाठी साक्ष दिली, तोच पुढे अमेरिकेच्या हवाई सेनेचा प्रमुख झाला. त्याच्या विमानांनी १९४५च्या मार्चमध्ये एका रात्रीत टोकियो जाळलं. सुमारे एक लाख माणसं मेली. गुरूचं म्हणणं शिष्याने खरं करून दाखवलं. कमी माणसं मरतील, एवढाच भाग खोटा निघाला.

मग अशा माणसाचं ऐकायला हवं होतं की नको? मला वाटतं, म्हणूनच ऐकायला हवं होतं. नीट वाचला असता, वाद घातला असता, तर त्यातलं खरं वेळेवर हाती आलं असतं आणि घातक होतं तेही उजेडात आलं असतं. नुसत्या फायलीत ठेवल्याने दोन्ही तसंच राहिलं.

१९४६ साली अमेरिकी काँग्रेसने त्याला मरणोत्तर सुवर्णपदक दिलं. १९४७ला स्वतंत्र हवाई दल झालं आणि स्पाट्झ त्याचा पहिला प्रमुख. पण १९५८ साली कोर्ट मार्शलचा निकाल रद्द करण्याची मागणी फेटाळली गेली. मतं बरोबर ठरली, तरी शिस्तभंग तो शिस्तभंगच, असं उत्तर मिळालं.

जाता जाता माझं एक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या कचेरीतल्या एका कनिष्ठ अभियंत्याने पाझर तलावाच्या सांडव्याला तडा गेल्याची टिपणी दिली होती. दोनदा. दुसऱ्या टिपणीत भाषा जरा कडक झाली. त्यांची बदली लांब झाली. दोन पावसाळ्यांनी बांध फुटला. माणसं वाचली, पण खालच्या शेतांतली माती वाहून गेली. ती माती तयार व्हायला पिढ्या लागल्या असतील. दोन्ही टिपण्यांवर शेरा माझ्या अक्षरात होता.

निवृत्तीनंतर ते साहेब एकदा एसटी स्टँडवर भेटले. चहा घेता घेता म्हणाले, "कविराज, खरं सांगा. तेव्हा तुम्ही ती टिपणी वाचली होती का?"

"वाचली होती, साहेब. बरोबर वाटली होती."

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं तरी तेव्हा मला सांगायचं होतंत."