पस्तीसच्या अलीकडची मुलं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला, ‘तिकडच्या शाळा आणि आपल्या शाळा’. वेळ दिली दहा मिनिटं. विषय एवढा मोठा आणि वेळ एवढी छोटी, हे पाहून मला आपल्या भूगोलाच्या पेपरची आठवण झाली. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न सोडवणार आहे : शाळा संपली, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं?

मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनजवळ राहते. तिकडे आपल्यासारखं बोर्ड नाही. शाळा बारावीपर्यंत एकसलग असते आणि शेवटी मिळणारा डिप्लोमा स्थानिक शाळाच देते. कॉलेज, सैन्य, साधी नोकरी, सगळीकडे तो आधी विचारतात. मग एका गावचा डिप्लोमा आणि दुसऱ्या गावचा डिप्लोमा सारखाच कशावरून? हा प्रश्न तिथे फार जुना आहे. १९९३ साली राज्याने एक मोठा कायदा केला. गरीब शहरांतल्या शाळांना पैसा पुरत नाही म्हणून कोर्टात दावा चालू होता. त्याचा निकाल आणि हा कायदा एकाच महिन्यात आले. सौदा असा होता : सरकार शाळांना जास्त पैसा देईल, आणि त्या बदल्यात सगळ्या राज्यात एकच परीक्षा होईल. तिचं नाव एमकॅस. २००३ साली बाहेर पडलेल्या बॅचपासून नियम लागू झाला, की दहावीत या परीक्षेत इंग्रजी आणि गणितात पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही. पुढे त्यात विज्ञानाची भर पडली.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे आपली एसएससीच की! मलाही आधी तसंच वाटलं. पण फरक आहे, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या फरकावरच आहे.

आपल्याकडे दहावीत नापास झालेला मुलगा शाळेबाहेर असतो. तिकडे दहावीत एमकॅस नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतो. अकरावी, बारावी त्याच्यासमोर असतात. पुन्हा परीक्षा देण्याच्या संधी त्याला शाळेत असतानाच मिळत. शिकवणारे शिक्षक रोज समोर असत. पेपरला तीन तासांची घंटाही नाही, त्या परीक्षेला वेळेचं बंधन नसतं. शिवाय अपील करता येई. तुमचे वर्गातले मार्क पास झालेल्या वर्गमित्रांच्या मार्कांशी जुळत असतील, तर ते दाखवून पास होण्याची सोय होती. एवढं सगळं असल्यामुळे शेवटी जेमतेम एक टक्का मुलं केवळ या परीक्षेपायी डिप्लोम्याविना राहत.

पण ती मुलं कोण होती, हे पाहण्यासारखं आहे. त्यांतली बरीचशी नुकती परदेशातून आलेली, इंग्रजी शिकत असलेली, नाहीतर शिकण्यात काही अडचण असलेली. मी शनिवारी आमच्या गावच्या लायब्ररीत मुलांना गणित शिकवते. तिथे एक पोर्तुगीज बोलणारा मुलगा येतो. समीकरण मांडून दिलं तर माझ्याआधी सोडवतो. तेच शाब्दिक उदाहरण इंग्रजीत दिलं, की पेन्सिल चावत बसतो. मराठी माध्यमातून डिप्लोमाला आणि इंजिनियरिंगला गेलेल्या इथल्या सगळ्यांना ती पेन्सिल ओळखीची आहे!

तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्याच मतपत्रिकेवर, आमच्या राज्यात हा प्रश्न लोकांसमोर आला : डिप्लोम्यासाठीची एमकॅसची अट काढायची का? शिक्षकांची संघटना म्हणे काढा, गव्हर्नर बाई म्हणत ठेवा. आमच्या घरातही दोन पक्ष झाले. माझा नवरा ‘ठेवा’वाला. त्याचं म्हणणं, ही अट गेली तर श्रीमंत गावाच्या शाळेला काही फरक पडणार नाही, पण गरीब वस्तीतल्या शाळेला मुलांना न शिकवताच पुढे ढकलायची मोकळीक मिळेल. मुद्दा खोटा नाही. एक सामायिक परीक्षा असते म्हणून कोणत्या शाळेत काय शिकवलं जात नाही, हे चव्हाट्यावर येतं. मी ‘काढा’वाली. माझं म्हणणं, शाळेचं मोजमाप जरूर करा, पण त्याचा दंड पोराकडून वसूल करू नका. जेवण मात्र एकाच टेबलावर झालं. शंभरातल्या सुमारे एकोणसाठ लोकांनी ‘काढा’ म्हटलं. अट गेली. परीक्षा राहिली, कारण केंद्र सरकारच्या कायद्याप्रमाणे ती घ्यावीच लागते. म्हणजे आता परीक्षा शाळेला आरसा दाखवते, मुलाची वाट अडवत नाही.

असं करणारं हे पहिलं राज्य नव्हे. कॅलिफोर्नियाने २०१५ साली आपली अशीच परीक्षा स्थगित केली, आणि आधीच्या दहाएक वर्षांत बाकी सगळं पूर्ण करून केवळ त्या परीक्षेत अडकलेल्यांनाही डिप्लोमे देऊ केले. तिशीकडे झुकलेल्या माणसांना शाळेचं पत्र गेलं, की या, तुमचा डिप्लोमा घेऊन जा.

आता आपल्याकडे वळते. आपल्याकडेही खूप बदललंय. आपल्या वेळी नापास म्हणजे ऑक्टोबरची वारी आणि वर्ष वाया. आज एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत जाता येतं. ऑक्टोबरची परीक्षा जाऊन पुरवणी परीक्षा आली. निकालही बदलले. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. आपण म्हणतो, वा! पण परीक्षेला बसलेली नियमित मुलं होती साडेपंधरा लाखांच्या घरात. म्हणजे उरलेल्या सहा टक्क्यांत नव्वद हजारांहून जास्त मुलं आहेत.

हा निकाल लागला १३ मे रोजी. पुरवणी परीक्षा सुरू झाली २४ जूनला. मध्ये बरोबर सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांतले पहिले चार-साडेचार आठवडे शाळेला उन्हाळ्याची सुट्टी! ज्या मुलाला शिक्षकांची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्यासाठी नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या गेटला कुलूप. यात एकट्या कोणाचा दोष नाही. वेळापत्रकच तसं आहे. पण वेळापत्रकाची किंमत कोणीतरी मोजतंच.

माझं कामही चाचण्यांचंच आहे. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो आणि त्यावर दिवसाला शेकडो चाचण्या चालवतो. चाचणी नापास झाली की ती सांगते, अमुक फाईल, अमुक ओळ, इथे चुकलं. आम्ही दुरुस्त करतो आणि दहा मिनिटांत पुन्हा चालवतो. नुसतंच ‘नापास, सहा आठवड्यांनी या’ म्हणणारी चाचणी आमच्याकडे कोणी ठेवणार नाही. आपल्या गणिताच्या सरांनी हे मला संगणक पाहायच्या आधीच शिकवलं होतं. सर पेपर तपासताना नुसती फुली मारत नसत. जिथून उदाहरण चुकायला लागलं, त्या पायरीखाली लाल रेघ ओढत. सर, ती रेघ मी आजही माझ्या टीममधल्या नव्या मुलांच्या कोडखाली ओढते.

आता जे सांगणार आहे, ते दोघांची परवानगी घेऊन. आज आपल्यात एक मित्र बसलाय, जो इंग्रजीत तीनदा अडकला आणि चौथ्यांदा सुटला. त्याच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आज अकरा माणसं काम करतात. आणि एक मैत्रीण आहे. गणितात गेली. ऑक्टोबरला बसायच्या आधीच तिचं लग्न झालं. पुढे ती अंगणवाडीत मदतनीस झाली. सेविका व्हायला तेव्हा दहावी पास लागत असे. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, स्वतःची मुलगी आठवीत असताना, तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि पास झाली. परवा तिने मला विचारलं, “मला १९९७ ची बॅच म्हणायचं, की त्या वर्षीची?”

याचं उत्तर आपल्या समितीने आधीच देऊन ठेवलंय. या मेळाव्याची यादी त्यांनी दहावीच्या निकालावरून केली नाही. आठवीच्या हजेरीपटावरून केली. म्हणून ते दोघं आज इथे आहेत. या स्मरणिकेत छापण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला तरी दिसत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपण पहिल्या येणाऱ्याला दरवर्षी बक्षीस देतो, ते देत राहू. त्याच्या जोडीला दोन गोष्टी करू. एक, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून पुरवणी परीक्षेपर्यंतचे सहा आठवडे, शाळेची परवानगी मिळाली तर शाळेत आणि नाही मिळाली तर आपल्यापैकी कोणाच्या घरी, गणित आणि इंग्रजीचा रोज दोन तासांचा वर्ग. गावात राहणारे समोर बसून शिकवतील. आम्ही बाहेरचे रात्री व्हिडिओ कॉलवर शंका सोडवू. माझ्याकडून मंगळवार आणि गुरुवार पक्के धरा. दोन, आपल्या शाळेतून बाहेर पडलेला कोणीही, कुठल्याही वयात, सतरा नंबरचा फॉर्म भरणार असेल, तर त्याची फी आपल्या बॅचच्या निधीतून.

पस्तीसची रेघ कुठे असावी, असावी की नसावी, याचा वाद तिकडेही चालू राहील आणि इकडेही. तो आपल्या हातात नाही. रेघेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी हाक मारायची, एवढं मात्र आपल्या हातात आहे. पुढचा निकाल मे महिन्यात लागेल. नावनोंदणीची वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे.