गोष्टीतली दोन बोटं

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलंय कथेच्या घटकांवर. कथानक, पात्रं, वातावरण, निवेदन, संघर्ष, शेवट. ही यादी दहावीच्या गाइडात होती. पाठ केली, परीक्षेत ओकली, मार्क घेतले. त्यापुढं मी शिकलो नाही, सरळ गोदीत गेलो. म्हणून मास्तरासारखं बोलता येणार नाही. कविता लिहितो. कथा एकच लिहिली, ती एका मासिकानं परत पाठवली. तिच्याबद्दल शेवटी. आधी अण्णा भाऊ.

‘स्मशानातील सोनं’ ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वारणाकाठचा भीमा, अंगानं पैलवान. पोटासाठी मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही, उपनगरातल्या खाणीत मिळतं. डोंगर फोडतो. खाण बंद पडते. एक दिवस राखेच्या ढिगात अंगठी सापडते, मढ्याच्या अंगावरची. मग गडी मसणवट्यातली राख चाळायला लागतो, पुढं पुरलेली मढी उकरायला लागतो. एका रात्री सावकाराचं मढं उकरताना कोल्ह्यांशी झुंजतो, सोन्यासाठी मढ्याच्या तोंडात बोटं घालतो, आणि बोटं जबड्यात अडकतात. डॉक्टर दोन बोटं कापतो. त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली.

झाली गोष्ट. आता मी सांगितली ती आणि अण्णा भाऊंनी लिहिली ती, यांत फरक काय? मी ओळीनं सांगितली. आधी हे, मग ते. पोलीस ठाण्यात जबानी देतात तशी. अण्णा भाऊ खाणीपासून सुरू करत नाहीत. ते सुरू करतात शेजारच्या गावचा सावकार मेल्याच्या बातमीपासून. आणि ती ऐकून भीमा खूश होतो. माणूस मेला म्हणून खूश होणारा माणूस! वाचणारा तिथंच दचकतो. हा कसला हिरो, असं मनात म्हणतो. आपण भीमाचा निवाडा करून मोकळे झालो की अण्णा भाऊ मागं जातात आणि खाण दाखवतात. आता निवाडा परत घ्या! खाणीपासून सुरुवात असती तर आपण चुकचुकलो असतो, ‘बिचारा’ म्हणालो असतो आणि पान उलटलं असतं. दया करायला काय लागतं? काही नाही.

आणखी एक बघा. गोष्ट बातमीनं सुरू होते आणि बातमीनंच संपते. पहिली बातमी मरणाची, ती ऐकून गडी आनंदतो. दुसरी कामाची, ती ऐकून पोरासारखा रडतो. खरं तर उलटं व्हायला हवं. उलटं का झालं नाही, त्याचं उत्तर म्हणजे मधली सगळी कथा. गाइडवाला याला ‘कलाटणी’ म्हणतो. कलाटणी म्हटलं की नशिबाचा खेळ वाटतो, लॉटरीसारखा. खाण काय नशिबानं बंद पडते? पण अण्णा भाऊ त्यावर भाषण झोडत नाहीत. बोटं दाखवतात आणि थांबतात.

गोदीत क्रेनला माल लावताना स्लिंग कुठं घालायची हे आधी बघावं लागतं. वजन किती, ते तर बघायचंच. पण तोल कुठं, तेही. चुकली तर माल कलतो आणि खाली उभा असलेला जातो. या कथेची स्लिंग बोटांपाशी घातलीय. डोंगर फोडणारी बोटं, तीच राख चाळणारी, तीच माती उकरणारी. म्हणून शेवटी ती गेली की सगळा भीमा गेल्यासारखा वाटतो. आणि वातावरण म्हणाल तर अंधार आहे, कोल्हे आहेत, मढी आहेत, पण भुताची भीती वाटत नाही. भीमा तिथं पाळीवर गेल्यासारखा जातो. स्मशान हा त्याचा कामाचा अड्डा आहे. भीती आपल्याला त्याचीच वाटते.

निवेदनासाठी बाबुराव बागुलांकडं जावं लागेल. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ सालचा संग्रह, त्यातली त्याच नावाची कथा. ‘मी’ रेल्वेच्या नोकरीवर उधन्याला जातो, जात लपवून राहतो. ‘मी’ सांगतो म्हणून ते लपवणं वाचणाऱ्याच्याही छातीवर बसतं. तिवारी जेवायला बोलावतो तेव्हा घास आपल्या घशात अडकतो. बाहेरून सांगितली असती तर पेपरातली चार ओळींची बातमी झाली असती: जात लपवल्याबद्दल एकास मारहाण. आणि शेजारी काशीनाथ ठेवलाय, न लपवणारा, भिडणारा. तो नसता तर ‘मी’ भित्रा की शहाणा, हा सवालच पडला नसता.

आता आपलं बघू. आपल्या पोरांच्या कथा मी वाचतो. पहिल्या पानावर जुलूम, शेवटच्या पानावर मशाल. मधे माणूस शोधावा लागतो. घटकबिटक हे पांढरपेशांचं खूळ आहे, असं मागच्या खेपेला इथंच एक दोस्त म्हणाला. मला पटलं नाही. पहार सावकाराच्या घरात सापडली म्हणून ती त्याची होत नाही.

माझीच कथा घ्या. माझ्या बापाची दोन बोटं गोदीत गेली, स्लिंगखाली. मी तेव्हा पंधराचा. त्यावर कथा लिहिली. पहिल्या ओळीत अपघात, मग तीन पानं रक्त, मुकादमाला शिव्या, ठेकेदाराला शिव्या. मासिकवाल्यांनी चिठ्ठी लावून परत पाठवली: तळमळ आहे, कलात्मकता नाही. चिठ्ठी फाडली. त्यांना मुकादम वाचायचाच नव्हता, हे मी आजही म्हणतो. पण एका रात्री पाळीवरनं येऊन कथा पुन्हा वाचली आणि कळलं, आपण चोरी केलीय. शिव्या खऱ्या होत्या. एक गोष्ट मात्र दडवली होती.

नुकसानभरपाई मिळाली होती. थोडीच, तीही खेटे घालून घालून. त्यातनं घरात पहिल्यांदा पंखा आला. माझी क्लासची फी भरली. पंखा लागला त्या रात्री मी खूश होतो. पाय पसरून त्याच्याखाली झोपलो. आई हसत होती. बाप उरलेल्या तीन बोटांनी रेग्युलेटर फिरवून बघत होता. एक, दोन, तीन, चार, पाच.

हे कथेत नव्हतं. लाज वाटली म्हणून घातलं नव्हतं. अण्णा भाऊंनी भीमाचा आनंद सुरुवातीलाच मांडला, आणि मी माझा गिळला.

कथा पुन्हा लिहायला घेतलीय. पंख्यापासून सुरू करतोय. अपघात कुठं आणायचा, मुकादम आणायचा की नाही, अजून ठरत नाही. बाप म्हणतो, वाचून दाखव. अजून दाखवलेली नाही.