नारायणगावच्या मांडवात आघाततरंग

दीर्घिकासमूहांतल्या आघाततरंगांची तीव्रता मोजणाऱ्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचं नारायणगाव मनापासून स्वागत करतं. पाहुणे आले आहेत ते जुन्नर तालुक्यात. शिवनेरीवर शिवराय जन्मले, तो हाच तालुका. नाणेघाटानं सातवाहनांच्या काळापासून कोकणचा माल वर आणला, तो इथेच.

पण मीना नदीकाठच्या या गावाचा पहिला मान तमाशा कलावंत विठाबाईंचा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. खेळ रंगात असताना त्या आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत घराघरांत सांगितली जाते. आजही यात्रांच्या दिवसांत तमाशा फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि लांबलांबचे गावकरी सुपारी द्यायला येतात. हे सांगितल्यावाचून या गावातलं स्वागत पुरं होत नाही.

जवळच खोडदला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या 30 तबकड्या. 2010 साली ‘सॉसेज’ म्हणून ओळखला जाणारा रेडिओ-अवशेष, म्हणजे आघाततरंगामुळे रेडिओत उजळलेला पट्टा, जगापुढे आला, त्यात खोडदचीही निरीक्षणं होती. दोन दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळल्यानं उठलेल्या त्या तरंगाचा माख अंक, म्हणजे तप्त वायूतल्या ध्वनिवेगाच्या किती पट तो धावतो हा आकडा, रेडिओ वर्णपटाच्या उतारावरून सुमारे 4.6 निघाला. पुढे ‘सुझाकू’ उपग्रहाच्या क्ष-किरणांनी तरंगाच्या अलीकडचं-पलीकडचं तापमान ताडून पाहिलं, तेव्हा तो सुमारे 2.7 भरला. ही तफावत का, तरंगाचे जोरकस भागच रेडिओत उजळून दिसतात की आधीपासून वेगवान असलेले इलेक्ट्रॉन पुन्हा पेटतात, याचा खल याच मांडवात व्हावा, याचा गावाला अभिमान वाटतो.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. काही पाहुण्यांना एका खोलीत तिघांनी राहावं लागलं, वीज दोनदा गेली, पहिल्या दिवशी चहाही उशिरा आला. स्वागत समिती त्याबद्दल क्षमा मागते. द्राक्षं पाठवणारे बागायतदार, भाजीचा भार उचलणारे टोमॅटोचे आडते, दूध देणारे गवळी, घरं मोकळी करून देणारी कुटुंबं, मांडववाले, पंगतीत वाढणारी शाळेची मुलं आणि नाव न सांगता पाकीट ठेवून गेलेले दाते, या सगळ्यांची समिती ऋणी आहे.

दुपारच्या जेवणानंतर खोडदच्या बसगाड्या मांडवासमोरूनच सुटतील. दुर्बिणीच्या आवारात शिरण्याआधी प्रत्येकानं मोबाइल बंद करावा, एवढी विनंती आहे.