मावळचे मत आणि पवनेचे पाणी



आपण पुनावळेकर विधानसभेला मत देतो ते चिंचवडमध्ये. मग आज मावळ विधानसभा मतदारसंघावर बोलायचे कशासाठी? कारण आपल्या नळाला येणारे पाणी मावळचे आहे. शेजारच्या रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड महापालिका जे पाणी उचलते, ते पवना धरणातून, पवन मावळातल्या गावांना वळसे घालत येते. शिवाय लोकसभेला आपण आणि मावळकर एकाच मतदारसंघात आहोत.

मावळची एक ओळख सांगतात: भाजपचा बालेकिल्ला. आकडे पाहिले तर हे खरे वाटते. 1995 मध्ये रूपलेखा ढोरे निवडून आल्या, 1999 आणि 2004 मध्ये दिगंबर भेगडे, 2009 आणि 2014 मध्ये बाळा भेगडे. सलग पाच वेळा कमळ. त्याच्याही आधी, 1972 मध्ये, कृष्णराव भेगडे जनसंघाकडून आमदार झाले होते. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची लाट होती आणि जनसंघाला साऱ्या महाराष्ट्रात मिळून पाच जागा मिळाल्या होत्या. त्या पाचांतली एक मावळची.

पण पुढचे पान उलटा. हेच कृष्णराव पुढे काँग्रेसच्या प्रवाहात गेले आणि 1978 मध्ये त्याच मावळाने त्यांना पुन्हा निवडून दिले. झेंडा बदलला, माणूस तोच राहिला. माझ्या मते मावळच्या राजकारणाची किल्ली इथे आहे. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तीन खोऱ्यांत आणि तळेगाव, वडगाव, लोणावळ्यात मत ठरते ते गावकीत, भावकीत. उमेदवार कुणाच्या दारात गेला, कुणाच्या दहाव्याला उभा राहिला, कुणाच्या पोराला कंपनीत चिकटवले, हे सगळे लोकांच्या ध्यानात असते. याला कुणी मागासलेपण म्हणेल. मी म्हणणार नाही. आमदार आपल्या ओळखीचा असावा, अडीनडीला सापडावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

2019 ने तर हे लख्ख दाखवले. लोकसभेला मावळ तालुक्याने शिवसेनेच्या श्रीरंग बारणेंना आघाडी दिली. राष्ट्रवादीचे पार्थ पवार हरले. अवघ्या पाच महिन्यांनी त्याच मतदारांनी राष्ट्रवादीच्या सुनील शेळकेंना 93,942 मतांनी निवडून दिले आणि राज्यमंत्री असलेल्या बाळा भेगडेंना घरी बसवले. शेळके भाजपमधूनच आलेले. उमेदवारी मिळाली नाही म्हणून त्यांनी घड्याळ हाती घेतले. मते आणि कार्यकर्ते त्यांच्यामागे चालत गेले. 2024 मध्ये त्याहून नवल घडले. महायुतीचे उमेदवार शेळके, आणि समोर अपक्ष बापू भेगडे, जे स्वतः राष्ट्रवादीतले. त्यांना महाविकास आघाडीचा पाठिंबा, आणि स्थानिक भाजपचे अनेक पुढारीही त्यांच्याच बाजूला! वर्तमानपत्रांनी त्याला ‘मावळ पॅटर्न’ म्हटले. निकाल एकतर्फी लागला: शेळके 1,08,565 मतांनी विजयी.

मग पाण्याचे काय? मंडळी, इथे मला थांबावेसे वाटते.

9 ऑगस्ट 2011. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई होती. आंदोलकांचे म्हणणे साधे होते: पाणी नदीतून वाहिले तर काठची शेती आणि विहिरी जगतात, नळात घातले तर शहरच फक्त जगेल. योजनेला स्थगिती मिळाली. ती 2023 मध्ये उठवली. या बारा वर्षांत मावळने कमळही निवडले, घड्याळही निवडले. दोन्हीकडचे नेते जलवाहिनीला विरोध असल्याचे सांगत राहिले. धरणासाठी ज्यांची घरेदारे, जमिनी गेल्या त्यांचे पुनर्वसन मात्र आजही पुरे झालेले नाही. माणूस पाहून मत देण्याची मर्यादा मला इथे दिसते. ओळखीचा आमदार दाखला मिळवून देतो, रस्ता करून देतो. पण धरण आणि शहर यांच्यातला तंटा एकट्याने सोडवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, कारण त्या तंट्यात दुसरी बाजू आपली आहे. आपण लाखोंनी आहोत.

आणि आपण वाढतोच आहोत. आजच्या मतदारसंघांच्या सीमा 2008 मध्ये ठरल्या, त्याही 2001 च्या जनगणनेवर. पुनावळे त्या जनगणनेआधी चारच वर्षे, 1997 मध्ये, महापालिकेत आले होते. आज चिंचवडमध्ये साडेसहा लाखांवर मतदार आहेत, मावळात चार लाखांच्या आत. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा शहराचे वजन वाढेल आणि खोऱ्यांतल्या गावांचा आवाज आणखी बारीक होईल.

म्हणून माझी पुनावळेकरांना विनंती आहे. येत्या लोकसभेला उमेदवार आपल्या सोसायटीत मते मागायला येतील, तेव्हा पाणी दररोज येणार का हे जरूर विचारा. त्याच बैठकीत, त्याच उमेदवाराला, पवना धरणग्रस्तांना जमीन कधी देणार तेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.