हॉटेलातली पहिली नोकरी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

रेल्वेतला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे रूळ आणि गाड्यांवर बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. मी मात्र आज हॉटेलातल्या पहिल्या नोकरीवर बोलणार आहे. कारण सरळ आहे. गावाकडून येणारे फोन आता बदलले आहेत. पूर्वी विचारायचे, "रेल्वेत काही जमेल का?" आता लातूर, सोलापूर, बेळगावकडचे नातेवाईक विचारतात, "पोरगा बारावी झालाय, तिकडं हॉटेलात कुठं चिकटवता येईल का?" आणि लगेच आवाज खाली आणून सांगतात, "पण गावात कुणाला बोलू नका." असे फोन आपल्यापैकी अनेकांना येत असतील.

आधी या लाजेबद्दल बोलू. आपण पाहुण्यांना हौसेने लालबागजवळच्या एमटीआरला नेतो. ते १९२४ साली सुरू करणारे मैय्या बंधू उडुपीजवळच्या परंपळ्ळीहून आले होते आणि त्याआधी ते लोकांच्या घरी स्वयंपाकी होते. 'सागर रत्न'चे जयराम बनान यांनी मुलगा असताना घर सोडले आणि १९६७ साली पनवेलजवळ हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागले. पगार महिना १८ रुपये. तिथेच ते पायरी पायरीने वर चढले. पुढे गाझियाबादला सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सचे कॅन्टीन चालवले आणि ४ डिसेंबर १९८६ रोजी दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत पहिले 'सागर' उघडले.

या गोष्टी सांगताना एक पथ्य पाळले पाहिजे. बनान तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. त्या वयाच्या मुलाला कामावर ठेवणे आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच धंद्यांना लागू झाली. तेव्हा "लहानपणीच लागला की तयार होतो" असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबवा. मी बोलतोय ते अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींबद्दल.

आता मुद्द्याचे. ही नोकरी मिळते कशी? मोठ्या हॉटेलांत अर्ज आणि मुलाखत असते. लहान-मध्यम हॉटेलात बहुतेक वेळा ओळखीचा शब्द चालतो. 'डोसा प्लाझा'चे प्रेम गणपती १९९० साली तुतिकोरीनकडून मुंबईला आले. ज्याच्या भरवशावर आले तो ओळखीचा माणूसच पैसे घेऊन त्यांना बांद्रा स्टेशनवर सोडून पळाला. भाषा येत नव्हती. एका तमिळ गृहस्थाने त्यांना धारावीच्या मारिअम्मन देवळात नेले आणि तिथल्या लोकांनी परतीच्या तिकिटासाठी वर्गणी काढली. त्यांनी परत जायचे नाकारले आणि माहीमच्या एका बेकरीत महिना १५० रुपयांवर भांडी घासायचे काम धरले. १९९२ मध्ये वाशी स्टेशनसमोर त्यांची हातगाडी उभी राहिली. मला या गोष्टीत ते दोन ओळखीचे महत्त्वाचे वाटतात. एकाने बुडवले, दुसऱ्याने हात दिला. उद्यान एक्स्प्रेसने किंवा राणी चन्नम्माने उतरणाऱ्या मुलासाठी आपण यातले कोण होणार, हा खरा प्रश्न आहे.

नुसते "माझा माणूस आहे, ठेवून घ्या" म्हटले म्हणजे आपले काम संपत नाही. आमच्या रेल्वेत ट्रॅकमेंटेनर म्हणून लागलेल्या मुलाची पुढची प्रत्येक पायरी कागदावर लिहिलेली असते. हॉटेलात ती कागदावर नसते, पण असते. मोरीवरची भांडी, टेबल पुसणारा क्लीनर, मग सप्लायर, मग कॅप्टन आणि गल्ला, ही एक लाइन. भाजी चिरणारा हेल्पर, मग दोसा, चपाती किंवा तंदूरचा कारागीर, मग मुख्य आचारी, ही दुसरी. काही ठिकाणी क्लीनर पाच वर्षे क्लीनरच राहतो. म्हणून मालकाला आधी विचारावे, "आज तुमच्याकडे जो दोसा लावतो, तो लागला तेव्हा काय करत होता?" या एका उत्तरात त्या हॉटेलाची सगळी परीक्षा होते.

हॉटेलाचा प्रकारही पाहावा. १९८३ साली जयनगरमध्ये 'कॅफे दर्शिनी' निघाले आणि बंगळूरभर उभ्याने खायची, स्वतः घ्यायची पद्धत रुजली. दर्शिनीत टेबलावर वाढणारा सप्लायर नसतो. ज्याला गिऱ्हाइकाशी बोलायची आवड आहे त्याने टेबल-सेवेच्या हॉटेलात जावे. ज्याला हाताला वेग हवा त्याने दर्शिनीत. आपल्या आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांची कॅन्टीन चालवणारे ठेकेदारही आहेत. तिथे कामाच्या वेळा बऱ्याचदा ठरलेल्या असतात आणि शंभर माणसांचे प्रमाण हाताला बसते.

मुलाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. काम विचारायला दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जावे. जेवणाच्या गर्दीत मालक मान वर करत नाही. नखे कापलेली, कपडे धुतलेले असावेत. आधार, फोटो, बँकेचे पासबुक बरोबर ठेवावे. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा नियम आहे, तो दाखला आधीच काढून नेला तर चांगले. आणि कन्नड! "बन्नी, कूत्कोळ्ळी, एनु बेकु?" एवढे चार शब्द आले तरी मुलगा आतल्या कामावरून बाहेर टेबलापाशी लवकर येतो. शिकायची तयारी असेल तर दहावीनंतर आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन' हा ट्रेड आहे, आणि बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत पदवी घेता येते. मी स्वतः डिप्लोमावाला. पोटापुरता कागद हाताशी असला की पुढची दारे उघडतात, हे अनुभवाने सांगतो.

आपण, म्हणजे ओळख देणाऱ्यांनी, पाच गोष्टी विचारायच्या. पगार किती आणि कोणत्या तारखेला? आठवड्याची सुट्टी आहे का? मुले झोपतात कुठे? ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे. नेमणूकपत्र देतात का? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणे मालकावर टाकले आहे. आणि ईएसआय कापतात का? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलात २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ते लागू होते. गरम तेलाशी आणि ओल्या फरशीशी रोज गाठ असलेल्या मुलाला दवाखान्याचा आधार ही चैन नव्हे. हे प्रश्न नवखा मुलगा विचारू शकत नाही. त्याची नोकरी जाईल. आपण विचारू शकतो, कारण आपण त्याच हॉटेलाचे गिऱ्हाईक आहोत.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने एक साधी वही ठेवावी. आपल्यापैकी ज्याला एखादे चांगले हॉटेल, मेस किंवा कॅन्टीन माहीत असेल त्याने या पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन तिथले नाव त्यात लिहावे. लावलेल्या मुलाला तीन महिन्यांनी भेटून पगार वेळेवर होतो का, हे विचारून त्याच पानावर नोंदवावे. ज्या ठिकाणी पगार अडला त्यावर काट मारावी. यासाठी वर्गणी लागत नाही, वेळ लागतो. येत्या वर्षात दहा पाने भरली तरी पुढच्या फोनला आपल्याकडे खरे उत्तर असेल. पहिल्या पानाची नोंद मी करतो. दुसरे पान कोण घेणार ते आज इथेच ठरवू या.

गणपती बाप्पा मोरया!